खऱ्या जरीचा चटका

"म्हातारीला उंबऱ्याबाहेर साध्या लुगड्यात नेऊन दाखव, मग तुला बी.ए. म्हणीन," माझी मोठी जाऊ, बायाक्का, म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं. दवाखान्यात कोण नटून जातं?

सासूबाईंचा, म्हणजे तानीबाईंचा, डावा खांदा आखडला होता. माझ्या तान्ह्या पोरीला उचलायला गेल्या की कळवळायच्या. आत्ताच शेक आणि व्यायाम झाला नाही तर हात असाच राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं. शेक म्हणजे तव्यावरच्या फडक्याचा नव्हे, डायथर्मीचा. खांद्याच्या पुढं-मागं विजेच्या यंत्राच्या दोन छोट्या गाद्या लावतात आणि ऊब कातडीखाली, पार सांध्यापर्यंत पोचते.

शेक देणाऱ्या इंदुताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "अंगावर धातू नको. डोरलं, पाटल्या, जर, काहीच नको. तापून भाजतं."

डोरलं काढायलाच किती मिनतवाऱ्या! आणि दुसऱ्या दिवशी रिक्षात बघते तर जरीकाठी.

"अहो आत्याबाई!"

"मग? शहापुरात माग हाय आमचा. चार माणसांत फाटकं नेसून बसू व्हय?"

"फाटकं नाही हो, साधं!"

"त्येच ते."

इंदुताई रोज पदर बाजूला करायच्या, खांद्यावर कोरडा टॉवेल घालायच्या. एक दिवस पोर रडायला लागली म्हणून मी व्हरांड्यात गेले. पडद्यापलीकडं कुणी बाप्या कमरेला वजनं लावून पडला होता. झालं! मला मागाहून कळलं, इंदुताईंची पाठ वळताच सासूबाईंनी पदर टॉवेलाखाली ओढून घेतला.

"ऊब कशी वाटते, आजी?" इंदुताईंनी यंत्रापाशी उभं राहून विचारलं. "चटका नको हं, नुसती ऊब."

"लई झ्याक," सासूबाई म्हणाल्या.

घरी येऊन बघते तर खांद्यावर लालभडक रेघ. तिच्यावर काठातल्या कोयऱ्या एकेक करून फोडासारख्या उठलेल्या. "बोलला का नाहीत?" मी ओरडले.

"शेकाला चटका बसायलाच पायजे की गं."

मी गार पाणी आणायला धावले. तेवढ्यात मामंजी, यमनाप्पा, आत आले, खांद्यावर वाकले आणि त्यांचं तोंड असं फुललं की मला काही कळेना. आदल्याच आठवड्यात व्यापाऱ्यानं त्यांच्या साड्या परत केल्या होत्या. जर प्लास्टिकची म्हणून.

"प्लास्टिक आसतं तर तापलं आसतं व्हय? बघ, कोयरी कशी उठलीया!"

"मामा, त्यांना भाजलंय!"

"व्हय गं. खरी हाय म्हणूनच."

आणि त्या बाप्यापायी पदर ओढून घेणाऱ्या सासूबाई संध्याकाळभर गल्लीतल्या बायकांना खांदा दाखवत बसल्या. नवऱ्याची जर खरी निघाली म्हणून खूश. मी मात्र डोकं धरून बसले.

आता फोड सुकलेत. सोमवारपासून शेक पुन्हा सुरू, आणि त्याच दिवशी मला सदलग्याच्या शाळेत रुजू व्हायचंय, पोरीला घेऊन. ती साडी मी माझ्या ट्रंकेत कोंबली, तर मामंजींनी मागावरून नवी उतरवली. काठ दोन बोटं जास्त रुंद!

बायाक्काला गळ घातली. ती म्हणते, "म्या न्हाय बाई जायची. सांगितलं हुतं."

इंदुताई बिचाऱ्या एकट्या, पेशंट चार खाटांवर. तेव्हा तुमच्यापैकी कुणी बाई सकाळी त्या दवाखान्यात असेल आणि पडद्याआडून "लई झ्याक" असं ऐकू आलं, तर संकोच करू नका. सरळ आत जा आणि आमच्या सासूबाईंचा टॉवेल उचलून खाली काय आहे ते बघा.