गळक्या पाइपाखालची बादली

मी एक निळी बादली बोलतेय. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं म्हणतात. माझ्यात तर आता थेंबही नाही, तरी बोलायचंय.

कारखान्याच्या साच्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, न्हाणीघरात मजेत राहीन. कसलं काय! काकांनी दुकानातून आणलं आणि थेट माळ्यावर चढवलं, गळक्या पाइपाखाली. "तात्पुरती ठेवतोय गं," ते काकूंना म्हणाले. "प्लंबरला उद्या सांगतो." तो उद्या काही उगवला नाही. एक दिवस काकाच गेले.

मग कितीतरी वर्षं काकू रोज सकाळी शिडी चढून वर यायच्या. मला ओतून पुन्हा त्याच ओल्या वर्तुळावर ठेवायच्या. लेक फोनवर ओरडायची, "अगं, पाइप बदलून घे की!" काकूंचं उत्तर ठरलेलं. "ह्यांनी ठेवलीय, राहू दे. आणि घराचा विमा आहे ना!" मग माझ्याकडे वळून विचारायच्या, "काय गं, भरलीस का?" दिवसभरात त्या एवढंच बोलत असाव्यात. मलाही दुसरं कोण होतं?

पण पाणी काय सगळं माझ्यातच पडतं? थोडं पाइपावरून सरकत फळ्यांत मुरत होतं. एका दुपारी स्वयंपाकघराचं छत कोसळलं आणि मी ओट्यावर आदळले. नशीब, काकू बाहेर कपडे वाळत घालत होत्या.

छत दुरुस्त झालं तरच त्यांना या घरात राहता येणार होतं. लेक धावत आली. नुकसान बघायला विमा कंपनीचा सर्व्हेअरही आला. नम्र पोरगा होता. ढिगाऱ्यात मला पाहून म्हणाला, "आजी, ही बादली इथे कशी?"

"गळतीखाली होती. आमचे हे होते ना, तेव्हापासून!" काकू अभिमानाने म्हणाल्या. "पण एक दिवस ओतायला चुकले नाही हो."

त्याचं पेन थांबलं. "आजी, पाइप अचानक फुटला असता तर भरपाई मिळाली असती. वर्षानुवर्षं झिरपत होतं, तुम्हाला माहीतही होतं. हे विम्यात बसत नाही."

"अहो, पण हप्ते सगळे भरलेत."

"भरलेत ना. पण गळती वेळेवर दुरुस्त करणं घरमालकाचंच काम असतं."

लेकीने कपाळावर हात मारला. "आई, कशाला बोललीस!"

"मग काय खोटं बोलू? तिथंच तर होती ती."

फार वाईट वाटलं हो. इमानेइतबारे थेंब झेलले, आणि साक्ष काकूंच्याच विरुद्ध गेली.

दुरुस्ती काही झेपेना, म्हणून लेक त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. निघताना काकूंनी मला उचललं. "हिला घेऊ का गं?"

लेक हळूच म्हणाली, "आमच्याकडे कुठे काही गळत नाही गं, आई."

काकूंनी मला हाताने पुसलं आणि छताच्या भोकाखाली ठेवलं.

आता पाणी बंद आहे, दारही बंद आहे. तुमच्या घरी थेंब पडत असेल तर बादली जरूर ठेवा, पण प्लंबरला त्याच दिवशी बोलवा. आणि विम्यात काय बसत नाही, तेही एकदा वाचून घ्या. मला मेलीला आता कोण विचारतंय! तरी सकाळ झाली की वाट बघते, कुणीतरी येईल आणि म्हणेल, "काय गं, भरलीस का?"