बोळासाठी जागा

नियोजन अधिकाऱ्याने लाकडी नमुन्यातून तसबिरीवाल्याचा ठोकळा उचलला आणि टेबलाच्या कडेला ठेवला. नमुन्यात सगळी जुनी बाजारपेठ होती, एकेक दुकान बोटभर उंचीचे. आपले दुकान जागेवर आहे एवढे पाहून जो तो दुकानदार खुर्चीत सैलावला.

बटणवाल्या वहिनीही सैलावल्या. त्यांचे दुकान तसबिरीवाल्याला लागूनच, मधली भिंत एकच.

येत्या तीस वर्षांत पेठ कशी असावी, याचा तो आराखडा होता. जुने दगडी दर्शनी भाग जपायचे, गाड्या मागच्या मैदानात थांबवायच्या आणि तिथून माणसांना चालत आत यायला एक बोळ काढायचा. बोळ काढायचा म्हणजे एक दुकान पाडायचे. मोबदला मिळणार होता, पेठेत दुसरी जागा मात्र मिळणार नव्हती. अधिकारी सभ्य होता. हे अजून कच्चे आहे, कुणाचे काही म्हणणे असेल तर आत्ताच सांगा, असे तो दोनदा म्हणाला.

कुणाचे काही म्हणणे नव्हते. तसबिरीवाला तोंडाचा फटकळ, बाईने नवऱ्याचा फोटो मढवायला आणला की ‘वडील का?’ असे विचारणारा. निम्म्या पेठेशी त्याचे वाकडे होते. आज मात्र तो मान खाली घालून बसला होता. सकाळी कुणकुण लागताच तो वहिनींच्या दारात आला होता. माझ्यासाठी एक शब्द टाका, तुमचे म्हणणे कुणी मोडत नाही, असे म्हणाला होता. वहिनींना त्याची दया आली होती.

दुकान जाणे म्हणजे काय, ते त्यांना कळत होते. नवऱ्यामागे आपले दुकान त्यांनी एकटीने चालवले. घरी सून प्रेमाने म्हणे, ‘आई, तुम्ही आता बसा,’ आणि त्या बसण्याची त्यांना मनापासून भीती वाटे. दुकानात त्यांना बसा म्हणणारे कुणी नव्हते.

त्या उभ्या राहिल्या.

“त्यांना मोठाल्या काचा कापायच्या असतात हो. ते सगळं घेऊन कुठं जातील? माझं काय, माझं दुकान दोन पिशव्यांत मावेल. मी कुठंही बसेन.”

दुसऱ्याची बाजू मांडताना माणूस असे काहीबाही बोलतोच. पण चष्मेवाला लगेच म्हणाला, वहिनींचे मन मोठे आहे. कापडवाल्याने त्यांच्या नवऱ्याची आठवण काढली, तोही असाच होता म्हणाला. मग कौतुकाला नुसता ऊत आला. अधिकाऱ्याने पट्टी लावून दोन्ही ठोकळे मोजले. रुंदी सारखीच निघाली.

“काकू, खरंच चालेल तुम्हाला?”

सगळी पेठ त्यांच्याकडे मायेने बघत होती. तसबिरीवाल्याने हात जोडले होते आणि त्याचे डोळे भरून आले होते. मला तसे म्हणायचे नव्हते, एवढेच वहिनींना सांगायचे होते.

“म्हणजे, मी आपलं...” त्या म्हणाल्या आणि ओशाळून हसल्या.

अधिकाऱ्याने त्यांचे आभार मानले. तसबिरीवाल्याचा ठोकळा जागेवर गेला, वहिनींचा कडेला आला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तसबिरीवाला मोजपट्टी घेऊन त्यांच्या दुकानात आला. त्याने लेसांचे खोके हलक्या हाताने बाजूला केले आणि मधली भिंत मोजायला घेतली. बोळ झाला की त्याचे दुकान कोपऱ्यावरचे होणार होते, दोन तोंडांचे. इतक्या वर्षांत तो त्यांच्याशी एवढे गोड कधी बोलला नव्हता. पट्टीचे एक टोक त्याने वहिनींच्या हातात दिले.

“या भिंतीत काचेची खिडकी काढतोय, वहिनी. खाली घेऊ की वर?”

वहिनींनी टोक भिंतीला नीट टेकवून धरले.

“खालीच घ्या,” त्या म्हणाल्या. “दुपारचं ऊन इथपर्यंतच येतं.”