राडा दोनचे शंभर डाव

"हा डाव धरायचा न्हाई," आनंदराज म्हणाला. "वायर हालली."

"माझ्या कंट्रोलरची हालली, काका. तुमची न्हाई," बुशरा म्हणाली. "आन् तरी तुम्हीच हरले."

काउंटरमागे मोबाईल उघडून बसलेला वाजिद, तिचा बाप, खो खो हसला. आनंदराजने वहीत एकसष्ट आकडा टाकला आणि तिच्या नावाखाली रेघ ओढली. रेघ जरा जास्तच दाबून ओढली गेली.

नांदेडच्या देगलूर नाक्याजवळच्या या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात तो लागोपाठ तिसऱ्या रविवारी लातूरहून येत होता. पंचवीस वर्षांपूर्वी इथे मोबाईल नव्हते, व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. तिथल्या मारामारीच्या गेमचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. नांदेडात कोणी ते उच्चारायच्या फंदात पडलं नाही, सगळे 'राडा' म्हणत. पुढे नवे भाग येत गेले तसे राडा एक, राडा दोन, असे मोजत मोजत आता राडा सहापर्यंत गाडी आली होती. आयटीआयच्या वर्गाला दांड्या मारून आनंदराजने दोन वर्षं राडा दोन खेळला. टक्कल असलेला एक पहिलवान घ्यायचा आणि समोरच्याला उचलून आपटायचा. तेव्हा त्याला हरवणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. वाजिद त्याला फुकट चहा आणून द्यायचा.

पुण्यात आता सगळ्या भागांची मिळून मोठी स्पर्धा होती. नांदेड-लातूरमधून एकच खेळाडू जाणार होता. निवडीचा शेवटचा सामना उरला होता आनंदराज आणि बुशरामध्ये. तो राडा दोनवर खेळायचा की राडा पाचवर ते इथल्यांनीच ठरवायचं, फक्त कारण लेखी द्यायचं, असं पुण्याहून आलेल्या फॉर्मवर लिहिलेलं होतं.

"तूच ठरव," वाजिद म्हणाला होता. "कोणत्या भागात किती दम हाय, हे तुझ्याएवढं कोणी तपासलंय?"

"पण मी स्वतःच खेळणार हाय ना यार."

"काका खोटं लिहिणार न्हाईत," बुशरा म्हणाली होती. तिच्या या भरवशाचाही त्याला तेव्हा राग आला होता.

आनंदराज सोनकांबळे लातूरला बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत सहायक होता. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, आठव्या दिवशी किती उगवल्या ते मोजायचं. वाणाची जाहिरात काहीही म्हणो, आकडा सांगेल ते खरं. गेमचे भागही तो असेच तपासायचा. त्याच दोन खेळाडूंनी शंभर डाव खेळायचे आणि चांगला खेळणारा किती वेळा जिंकतो ते मोजायचं. जिथे तो जास्त जिंकतो तो भाग स्पर्धेच्या लायकीचा. राडा पाचमध्ये हरत आलेल्याचा पहिलवान लालबुंद होतो, एक बटण दाबलं की समोरच्याचा अर्धा जीव जातो. त्यात कोणीही कोणालाही हरवतं. राडा दोनमध्ये अशी मेहेरबानी नाही. हे तो वर्षानुवर्षं सांगत आला होता.

या वेळी त्याने वहीच्या पहिल्याच पानावर नियम लिहिला: दोन्ही भागांचे शंभर-शंभर डाव, पहिले साठ सरावाचे, शेवटचे चाळीस मोजणीचे. बुशराने राडा दोन कधी खेळलाच नव्हता. साठ डाव तिला शिकायला दिले होते, मोठेपणा म्हणून.

पहिल्या रविवारी वीस डावांत तो पंधरा जिंकला. परत जाताना अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली, तेव्हा पुढच्या सीटवरची दोन कॉलेजची पोरं मोबाईलवर बुशराच्याच खेळाचे व्हिडिओ बघत होती.

"लई डेंजर हाय ही. हिच्यासमोर कोणी टिकत न्हाई."

आनंदराजला राहवलं नाही. "मी आज पंधरा वेळा हरवलं तिला."

एकाने मान वळवली. "कोणत्या भागात, काका?"

"दोन."

"ते जुनं?" असं म्हणून तो पुन्हा मोबाईलमध्ये शिरला.

दुसऱ्या रविवारी चाळीस डावांत ती एकवीस जिंकली. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाची ही मुलगी दोन डावांच्या मध्ये फुटाणे खायची, मैत्रिणीला मेसेज करायची, आणि डाव सुरू झाला की तिचे अंगठे जणू दुसऱ्याच कोणाचे व्हायचे. पहिलवानाने हात पुढे केला की पापणी लवायच्या आत बटण दाबून सुटायचं असतं. हे जमायला आनंदराजला दीड वर्ष लागलं होतं. ती दुसऱ्या रविवारी दुपारीच सुटू लागली.

"जमतंय ना, काका?" तिने खरोखरच विचारलं होतं.

"ठीक हाय," तो म्हणाला होता. तिचं बटण कुठेतरी अडकावं, फोन वाजावा, दुकानात गिऱ्हाईक यावं, असं त्याला प्रत्येक डावात वाटत होतं. वाजिदने चहा आणला तोही आधी तिच्यासमोर ठेवला. पेला कोणासमोर आधी येतो हे आपण बघतोय, याची त्याला लाज वाटली. तरी त्याने ते बघितलं.

आणि आज मोजणीचे चाळीस. राडा पाचचे शंभर डाव सकाळीच पुरे झाले होते. त्यातल्या शेवटच्या चाळीसात दोघांचे वीस-वीस. राडा दोनचा शंभरावा डाव दीड वाजता संपला. आनंदराजने रेघा मोजल्या, मग पुन्हा मोजल्या. चाळीसपैकी चौतीस तिच्या, सहा त्याच्या.

"जेवून घेऊ," वाजिद म्हणाला. "चारला लोक येतेत. तू फॉर्मवर भाग लिहून ठेव."

बाप-लेक वर जेवायला गेले. आनंदराजने डबा उघडलाच नाही. साठ आणि चाळीस वेगळे न दाखवता शंभराची बेरीज केली तर? साठ तिचे, चाळीस त्याचे. राडा पाचमध्ये एक्कावन्न-एकोणपन्नास. फरक फार नाही, सबब नवा भाग घ्यावा. वाचायला बरं वाटलं असतं, कोणी वहीही मागितली नसती. राडा पाचवर ती लालबुंद पहिलवानाची मेहेरबानी त्याच्याही वाट्याला आली असती, निम्मी संधी होती. पुणे निम्म्यावर आलं होतं.

त्याने फॉर्मवर 'राडा' लिहिलं आणि पेन थांबवलं. गेल्या हंगामात सोयाबीनचा एक व्यापारी त्याच्या टेबलाशी बसून हेच म्हणाला होता. दोन खेपांचे आकडे एकत्र करा, साहेब, कोणाचं काय जातंय. त्या माणसाला त्याने हात धरून दाराबाहेर नेलं होतं. आता टेबलाच्या दोन्ही बाजूंना आनंदराज स्वतःच बसलेला होता. पंचवीस वर्षं आपण म्हणत होतो ते खरं निघालं, राडा दोनमध्ये चांगला खेळणाराच जिंकतो. फक्त तो चांगला खेळणारा आपण नव्हतो.

जिन्यावर चपला वाजल्या तेव्हा त्याने 'दोन' लिहिलं. खाली कारण म्हणून दोन ओळी आणि चौतीस-सहा हा आकडा.

वाजिदने फॉर्म वाचला, वही वाचली. "आनंद, यात तर तुझं..."

"हाव, माहीत हाय."

"विचार कर एकदा."

"केला. मशीन लाव."

चार वाजता वीसेक माणसं जमली. पाच डावांचा सामना होता. दुसरा डाव आनंदराज जिंकला. आपटी अशी सुंदर पडली की मागून कोणीतरी शिट्टी मारली, आणि क्षणभर त्याला वाटलं, आकडे चुकतातही. पुढचे दोन डाव तीन मिनिटांत संपले. बुशरा तीन, आनंदराज एक. पाचव्या डावाची गरजच उरली नाही.

पोरींनी बुशराला घेरलं. टाळ्या वाजवून हात खाली घेतले तेव्हा आनंदराजच्या लक्षात आलं की आपण सगळ्यांच्या नंतर सुरुवात केली होती. गर्दीतून वाट काढत ती आली.

"काका, पुण्याला चला की संग. तो आपटायचा डाव मला अजून तुमच्यासारखा जमत न्हाई."

"बघू," तो म्हणाला. तिने पुढे काही बोलू नये असं त्याला वाटत होतं.

वाजिद फॉर्म घेऊन आला. खेळाडूच्या नावाची ओळ अजून कोरी होती. "तूच लिही यार. माझं मराठी अक्षर कोणाला लागत न्हाई."

आनंदराजने काउंटरवर कागद सरळ केला. बुशरा वाजिद शेख, असं मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं. जिल्हा नांदेड. पेन जुनं होतं, शाई ओलीच राहिली होती. बोट लागून नाव फिसकटू नये म्हणून त्याने कागद दोन्ही कडांना धरला आणि शाई वाळेपर्यंत पंख्याखाली उभा राहिला.