कारभाऱ्याची पेटी

अग्निशमन दलाचे बँडमास्तर आपला ट्यूबा न्यायला आले, तेव्हा भोंगेवाले काका मोठ्या ऐटीत होते. कित्येक दिवस खपून त्यांनी त्या अगडबंब वाद्याचे पोचे काढले होते, अडकणारे पिस्टन लोण्यासारखे सरकते केले होते आणि पितळ असं घासलं होतं की त्यात बघून दाढी करावी. बँडमास्तर म्हणजे दारातून तिरकं होऊन आत येणारा गडी. त्यांनी मखमली अस्तराचा खोका उघडला, ट्यूबा तान्ह्या बाळासारखा अलगद उचलून मांडीवर घेतला, तोंडाजवळ नेला आणि थांबले.

"काका, काम झकास झालंय," ते जपून म्हणाले, "पण याला कसला तरी वास येतोय."

काकांनी वाकून हुंगलं आणि त्यांचा चेहरा पडला. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या ताईला तर हुंगायचीही गरज पडली नाही. आदल्या संध्याकाळी खोका उघडा राहिला होता आणि सकाळी मखमलीवर एक ओला डाग होता, तो हवेतला दमटपणा असेल अशी तिने मनाची समजूत घातली होती.

"आमच्या मांजराने शू केलीय त्यात," काका म्हणाले. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. "मला दोन दिवस द्या. स्वच्छ करून देतो."

"रविवारी बागेत कार्यक्रम आहे."

"त्याच्या आत देतो."

बँडमास्तरांनी मान डोलावली, मांडी झटकली आणि ते तिरके होऊन बाहेर पडले.

काकांना सगळी गल्ली भोंगेवाले म्हणायची, कारण ट्रंपेटपासून ट्यूबापर्यंत फुंकायचं जे काही असेल ते दुरुस्त करायला त्यांच्याकडे येई. लग्न त्यांनी केलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या घरात पुढची खोली कामाची, मागची झोपायची, आणि जेवण म्हणजे उभ्याउभ्या उरकायचा प्रकार. अशी वर्षानुवर्षं चाललेली त्यांची गाडी ताईच्या येण्याने रुळावरून खाली उतरली होती आणि गंमत म्हणजे त्यांना ते भारी आवडलं होतं. ताई त्यांची थोरली बहीण, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. मेहुणे गेल्यावर तिला एकटीला घर खायला उठायचं. "चार दिवस येते, मग बघू," म्हणत ती एक बॅग आणि एक मांजर घेऊन आली. तेव्हापासून घरात टेबलावर बसून जेवण होऊ लागलं, संध्याकाळी पत्ते होऊ लागले, आणि साठीतल्या माणसाला 'बाळ्या' म्हणून हाक मारणारं कोणीतरी पुन्हा घरात आलं.

मांजराचं नाव कारभारी. करडा, जाड शेपटीचा, चालताना दोन्ही बाजूंना बघत जाणारा. सुरुवातीला त्याचं सगळं शिस्तीत, वाळूच्या पेटीत होतं. मग एक दिवस न्हाणीघराचं पायपुसणं ओलं निघालं. पुढे धुवायच्या कपड्यांची टोपली झाली, काकांची लोकरी चप्पल झाली, ताईची उशी झाली. काकांनी हरतऱ्हा करून पाहिल्या. फिनेल ओतलं, दारं लावून ठेवली. एकदा तर नको तितक्या जोरात ओरडलेही. कारभारी कपाटामागे जाऊन बसला, आणि संध्याकाळी बाहेर येऊन दुसऱ्या चपलेवर कार्यभाग उरकला.

"त्याला मी आवडत नाही," काका म्हणायचे. "जे माझं, त्यावरच करतो."

"उशी माझी होती," ताई म्हणायची.

पण ट्यूबाच्या दिवशी ती असं काही बोलली नाही. तिने मुकाट्याने मखमल साबणाने धुतली, गॅसवरचं दूध उतू जाऊ दिलं आणि जेवताना ताटाकडे बघत म्हणाली, "बाळ्या, मी माझ्या जुन्या घरी जाते परत. आज हे झालं, उद्या आणखी कोणाचं वाद्य खराब होईल. तुझं नाव आहे, ते माझ्या मांजरापायी जायला नको."

काकांनी हातातला घास परत ताटात ठेवला. ताई गेल्यावरचं घर त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. ओट्याशी उभं राहून खायचं आणि बोलायला समोर एक सॅक्सोफोन.

"आधी त्याला डॉक्टरकडे नेऊ," ते म्हणाले. "मग कोणी कुठे जायचं ते ठरवू."

जनावरांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि कारभाऱ्याने त्यांच्या बाहीत नखं रुतवली तरी हसत होत्या. त्यांनी पोट चाचपलं, लघवी तपासली आणि खुर्ची ओढून दोघांच्या समोर बसल्या.

"लघवीच्या पिशवीला सूज आहे. करताना दुखतं त्याला. औषध देते, आठवडाभरात उतार पडेल. अगदी थेंबही होत नाहीये असं दिसलं, तर मात्र थांबायचं नाही, उचलून इकडे आणायचं."

"म्हणजे तो मुद्दाम करत नव्हता?" काकांनी विचारलं.

"मांजरं सूड उगवत नसतात हो. पेटीत गेलं की दुखतं, एवढंच त्याला कळलं. मग दुखणार नाही अशी मऊ जागा शोधत फिरला बिचारा. आणि ओरडू नका त्याच्यावर. घाबरलं की आणखी बिघडतं."

काकांनी कारभाऱ्याकडे पाहिलं. त्यांना एकदम मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी छातीवरचं ओझंही उतरलं. जवळजवळ महिनाभर ते स्वतःला नावडता माणूस समजत होते.

"पेटी कशी आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

इथे काकांना उत्साह आला. पेटी त्यांनी स्वतः आणली होती, दुकानातली सगळ्यात भारी. वर घुमटासारखं झाकण, पुढे झुलतं दार, आत फुलांच्या सुगंधाची वाळू. ठेवायची जागाही त्यांनीच निवडली होती, कोणाला दिसणार नाही अशी, कपडे धुण्याच्या मशीनला अगदी खेटून.

डॉक्टरीणबाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी ओठ दाबून हसू आवरलं. "काका, घरी जाऊन एकदा तुम्ही स्वतः त्या पेटीत डोकं घालून बघा."

त्या गमतीने म्हणाल्या असाव्यात. पण काका कारागीर माणूस. कुठून फुसफुसतंय ते कळायला वाद्याला कान लावणं हा त्यांचा धर्मच. घरी आल्याबरोबर त्यांनी बाह्या सारल्या, पेटीतली वाळू बदलून नवी ओतली, गुडघ्यांवर बसले आणि झुलतं दार ढकलून डोकं आत घातलं. आत मिट्ट काळोख. सुगंध असा की डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"ताई, मशीन लाव," ते आतून म्हणाले. आवाज विहिरीतून आल्यासारखा आला.

ताईने बटण दाबलं. मशीन आधी गुरगुरलं, मग खडखडू लागलं, आणि पेटी काकांच्या डोक्यासकट थरथरायला लागली. काकांनी बाहेर यायला मान मागे घेतली, तर झुलतं दार त्यांच्या कानांमागे अडकलं. पुढे जाता येईना, मागे येता येईना.

नेमकी तेव्हाच दाराची घंटा वाजली. बँडमास्तर आले होते, ट्यूबाचं कुठवर आलं ते विचारायला.

"काका आहेत का घरात?"

"आहेत," ताई म्हणाली. गणिताच्या बाईंना खोटं सुचलं नाही. "मांजराच्या संडासात आहेत."

बँडमास्तर न्हाणीघराच्या दारात आले. त्यांच्यासमोर काकांची पाठ होती, पुढे घुमट, आणि घुमटातून येणारी एक घोगरी हाक. ते हसले नाहीत. अग्निशमन दलात असल्या सुटका त्यांच्या रोजच्याच. त्यांनी आधी मशीन बंद केलं, मग खाली बसले आणि शांतपणे म्हणाले, "काका, हलू नका. श्वास घेत राहा. मी सांगेन तेव्हा हनुवटी छातीला लावायची." दोन बोटांनी दार वाकवून त्यांनी काकांना असं अलगद बाहेर काढलं की एक कानही लाल झाला नाही. फक्त भुवयांना वाळू चिकटली होती आणि अंगाला बागेसारखा वास येत होता.

ताईला इतका वेळ आवरलेलं हसू आता फुटलं. ती भिंतीला धरून हसली, मग खाली बसून हसली. काकाही हसले. बँडमास्तरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि त्यांचं ते भलंमोठं पोट हलायला लागलं. मेहुणे गेल्यापासून ताई अशी हसलेली काकांनी पाहिली नव्हती.

चहा घेताना सगळी हकिगत सांगून झाली. "मी त्याची जागा म्हणजे तोफखाना करून ठेवली होती," काका म्हणाले. "वर अत्तराची बाटली फोडलेली. मी असतो तर मीही तुमच्या ट्यूबात गेलो असतो."

"वाळू कसली लागते त्याला?" बँडमास्तरांनी विचारलं.

"बारीक. बिनवासाची."

"आमच्या ठाण्यात बादल्या भरून असते. चाळलेली, धुतलेली, वाळवलेली. आग लागली तर टाकायची म्हणून ठेवतो, पण भिंतीवर टांगलेल्या बादल्यांकडे वर्षभर कोणी बघत नाही. नवी भरायचीच आहे, जुनी तुम्हाला आणून देतो."

दुसऱ्या दिवशी वाळू आली. काकांनी एक रुंद प्लास्टिकचा टब घेतला, त्याची एक बाजू उतरती कापून कडा कानशीने घासल्या, म्हणजे कारभाऱ्याला पाय जपून आत टाकता यावा. झाकण नाही, दार नाही. जागा कुठली, यावर दोघांचा थोडा वाद झाला. ताई म्हणत होती आपल्या खोलीत. काका म्हणाले, "तो सारखा माझ्या कामाच्या खोलीत येतो, खिडकीखालच्या कोपऱ्यात बसतो. त्याला तिथे बरं वाटतं." त्या कोपऱ्यात काकांचा मोठा ढोल उभा असायचा. त्यांनी तो उचलून पलंगाखाली सरकवला. ढोलाला पाठ टेकून बसायची त्यांची हक्काची जागा गेली, पण त्यांनी कुरकुर केली नाही. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या खास द्रावणाने त्यांनी मखमल, पायपुसणं आणि चपला पुन्हा धुतल्या. साबणाने वास आपल्यापुरता जातो, मांजराच्या नाकापुरता जात नाही, असं त्या म्हणाल्या होत्या.

औषध ताई जेवणात कालवून देत होती. कारभारी औषध बाजूला ठेवून जेवण तेवढं खायची खटपट करायचा आणि ताई त्याच्यासमोर मांडी घालून शाळेतल्यासारखी बसायची. "संपल्याशिवाय उठायचं नाही," असं तिने म्हटलं की तो खरंच संपवायचा.

नव्या टबाकडे मात्र त्याने ढुंकून पाहिलं नाही. पहिला दिवस तसाच गेला. तो फक्त एकदा न्हाणीघरात गेला आणि ताईने घाईने तिथलं पायपुसणं उचललं. दुसऱ्या दिवशी दुपारी काका एका ट्रंपेटच्या कळा जोडत बसले होते. कारभारी आला. टबाची कड हुंगली, एक पाय आत टाकला, काढला, पुन्हा टाकला. मग चारी पायांनी आत जाऊन उकरायला लागला. काकांनी श्वास रोखला. दारातून ताई येत होती, तिला त्यांनी हाताने जागच्या जागी थांबवलं. दोघं पुतळ्यासारखी. कारभारी खाली बसला, समोरच्या भिंतीकडे गंभीरपणे बघत राहिला, आणि वाळूवर एक बारीक, अखंड सळसळ ऐकू आली. काम झाल्यावर त्याने निगुतीने झाकपाक केली आणि शेपटी ताठ करून दोघांच्या मधून चालता झाला.

काकांना हातातला ट्रंपेट दणक्यात वाजवावासा वाटला. पण त्याला घाबरवायचं नव्हतं. म्हणून त्यांनी ट्रंपेट ओठांना लावला आणि फुंकर न मारता नुसत्या कळा दाबत एक अख्खी विजयाची धून वाजवली. गाल फुगवून, डोळे मिटून, एक आवाज न करता. ताई पदराने डोळे पुसत त्यांच्यासमोर टाळ्या वाजवत होती, हात हाताला न लावता.

शनिवारी ट्यूबा ठाण्यात पोचता झाला. बँडमास्तरांनी सगळ्यांच्या देखत त्यात नाक घातलं आणि मान्यता दिली. रविवारी बागेत तो असा घुमला की पहिल्या रांगेतली लहान मुलं कानांवर हात ठेवून खिदळत होती.

घरी परतताना काकांनी विषय काढला. सकाळपासून ते वाक्याची जुळवाजुळव करत होते, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "ताई, तुझं ते मोठं आरशाचं कपाट तिकडे धूळ खात पडलंय."

"मग?"

"इकडे आणायला हवं."

"जिन्यातून येणार नाही ते."

"बाहेरून आणू."

"चार दिवसांसाठी कोणी कपाट आणतं का, बाळ्या?"

"मी कुठे चार दिवस म्हटलं? ते तू म्हणाली होतीस."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी बँडमास्तर तीन सोबती घेऊन आले. दोर, कप्पी आणि जाड पोती त्यांनी बरोबर आणली होती. बँडमास्तर वर खिडकीत उभे राहून ताल देत होते, खालचे तिघे त्या तालावर दोर ओढत होते आणि कपाट एकेक हात वर चढत होतं. त्याच्या आरशात आधी रस्ता दिसला, मग जमलेली गर्दी, समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे, आणि मग नुसतं निळं आभाळ. ताई खाली उभी राहून सगळ्यांना सूचना करत होती. "डावीकडे. तुमची डावी नव्हे, माझी डावी." कपाट आत गेलं तेव्हा गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईने वर बघितलं. खिडकीतून काका वाकून विचारत होते, "कुठल्या भिंतीला लावायचं?"

"थांब, मी येते वर," ताई म्हणाली, आणि भराभर जिना चढू लागली.