माझ्या अंगावरचं न दाबलेलं बटण

मी एक जुनी पेटी आहे मित्रांनो. कपड्यांची नव्हे, आवाजाची. दुकानात मला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. माइक आणि कॉम्प्युटर यांच्या मधे बसून मी गाणाऱ्याचा आवाज घेते आणि कॉम्प्युटरला कळेल असा करून देते. एवढासा गळा, त्यातून इतकं सगळं येतं कुठून, हे कुतूहल मला पहिल्या दिवसापासून आहे.

सहा वर्षं मी ताईच्या टेबलावर राबले. ताई शिवणकाम करते, फावल्या वेळात चाली बांधते. आधी म्हणायची, "पेटी नसती तर मी मुकीच." मग नव्याचं वारं शिरलं आणि मी गेले कपाटात, वायरींच्या गुंत्याखाली.

अशात ताईच्या बाबांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. नंतर आवाज राहील याची खात्री डॉक्टर देईनात. बाबांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्टच्या खोल, घुमणाऱ्या पोकळीत उभं राहून त्यांनी एक गाणं रचलं होतं. ते कुठेही लिहिलेलं नाही. ताई म्हणाली, फोनवर नको, नीटच टिपायचं. आणि बसली रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर निवडत! एका सॉफ्टवेअरमध्ये दोनशे वाद्यं. ते उघडलं की कॉम्प्युटर गपगार. दुसरं शिकायलाच महिना. तीन आठवडे नुसती तुलना. इकडे बाबांचा आवाज रोज घोगरा होत होता. अरे, एक माणूस, एक गाणं! दोनशे वाद्यं काय चुलीत घालायची?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी बाबांचे थोरले जावई नवा माइक घेऊन आले. जुना माइक ताईने नव्याच्या भरवशावर देऊन टाकला होता. मागवलेली नवी पेटी यायला चार दिवस होते, म्हणून मला बाहेर काढलं. माइक जोडला. आवाज शून्य.

"मेली ही. भंगारात टाका," जावई म्हणाले.

मेले नव्हते मी! त्या माइकला माझ्याकडून वीज लागते. अठ्ठेचाळीस व्होल्टची ती वीज सोडायचं बटण माझ्याच अंगावर आहे. जुन्या माइकला लागत नव्हती, म्हणून सहा वर्षांत ते कुणी दाबलंच नव्हतं. पण मी सगळ्यांचा आवाज पोचवते, माझा सोडून.

बाबांनी चष्मा लावला. मला उलटंसुलटं करून पाहिलं.

"जावईबापू, हे अठ्ठेचाळीस काय लिहिलंय?"

"असेल काहीतरी, बाबा. कंपनीवाले लिहितात."

"बटण उगाच बसवत नाही कुणी," म्हणत बाबांनी ते दाबलं.

लाल दिवा लागला. हेडफोनमधून ताईच्या कानात बाबांचा श्वास आला. तिने कॉम्प्युटरमध्ये आधीपासून पडलेलं साधं, फुकटचं सॉफ्टवेअर उघडलं. "बाबा, गा!"

"झालं का तुझं निवडून?" बाबा म्हणाले, खोकले, आणि गायले.

आता बाबा पाटीवर लिहून बोलतात. जावयांनी सुचवलं, सुरुवातीचा खोकला आणि टोमणा कापू या. बाबांनी लिहिलं, "हात लावून तर बघा, जावईबापू."

मित्रांनो, नवं खुशाल घ्या. पण आम्हाला फेकण्याआधी आमच्या अंगावर काय लिहिलंय ते वाचा. आणि गाणारा समोर असेल, तर निवडत बसू नका. नवी पेटी चौथ्या दिवशी आली. देखणी आहे. तिच्यातून बाबांचा आवाज एकदाही गेलेला नाही.