पेट्रोल ऐकाक येना

“चालू आसा, काकानू! चालू आसा!” भाई पांढऱ्या गाडीच्या खिडकीला लोंबकळून ओरडत होता.

हरिश्चंद्रनं पुन्हा चावी फिरवली. चालू इंजिनाच्या पोटातून असा काही कर्रर्र आवाज आला की दगडी गडग्यावरचे कावळे उडाले. जुन्या गाड्यांची दलाली करून पोट भरणाऱ्या भाईनं स्वतःच्याच छातीवर हात ठेवला.

“बंद आसा रे. गजाली मारू नको,” हरिश्चंद्र शांतपणे म्हणाला. बंद गाडीचा क्लच सोडायला हरकत नसते. त्यानं सोडला.

गाडी पहिल्या गियरमध्ये होती. तिनं बैलासारखी एक उडी मारली, शेजारच्या काशीबाईनं अंगणात वाळत घातलेल्या सुंगटांच्या चटईवर चारही चाकं नेऊन ठेवली आणि तिथं आचके देत खरोखरच बंद पडली.

“आता झाली बघ चालू,” हरिश्चंद्र म्हणाला.

काशीबाई कंबर बांधून बाहेर आली. “मेल्या हरी! इतकी वर्सां एसटी हाकलंस, वाटेवरचो कुत्रो कधी मारलंस नाय, आणि पेन्शनीत येवन माझी सुंगटां मारलंस?”

“गाडी भाईची आसा गो.”

“मगे सुंगटांचे पैशे भाईन देवचे!”

भाई तोपर्यंत टायरला चिकटलेली कोळंबी नखानं काढत होता. धंद्यात असले दिवस येतातच, अशा चेहऱ्यानं.

हरिश्चंद्र म्हणजे मालवण डेपोचा हरी ड्रायव्हर. सारी नोकरी एसटीत गेली. दोन हजार तीन साली रिटायर झाला, फंड हातात आला, आणि वर्षभर तो बँकेत ठेवून झाल्यावर त्यानं जाहीर केलं की आता गाडी घेणार. साधीसुधी नाही, सात सीटांची, उंच, पोरं-नातवंडं सगळी मावतील अशी. भाईनं दोन गाड्या आणून दाखवल्या. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या, जुळ्या भावांसारख्या. एक पांढरी, गोव्याच्या कुणा म्हाताऱ्या डॉक्टरची. दुसरी तपकिरी, कुडाळच्या कंत्राटदाराची. फरक एवढाच की पांढरी पेट्रोल पिई आणि तपकिरी डिझेल.

आता खरं तर इथंच गोष्ट संपायला हवी. मालवणच्या किनाऱ्यावर ट्रॉलर डिझेलवर, शेताचा पंप डिझेलवर, एसटी डिझेलवर आणि गणपतीत लाइट गेली तर जनरेटरही डिझेलवर. अशा गावात पेट्रोलची मोठी गाडी घेणारा माणूस म्हणजे दारात विहीर असताना बाटलीतलं पाणी विकत पिणारा. वाडीतल्या प्रत्येकानं हरिश्चंद्रला थांबवून मायलेजचा हिशोब सांगितला. ज्यांच्याकडे सायकलसुद्धा नव्हती त्यांनी जास्त खुलासेवार सांगितला.

पण अडचण आनंदीची होती.

आनंदी हरिश्चंद्रची बायको. एसटी ड्रायव्हरची बायको आणि डिझेलचा वास आला की पोट ढवळणारी. देवानं जोड्या जमवताना त्या दिवशी बहुतेक घाई केली असावी. हरिश्चंद्र ड्युटीवरून आला की खाकी कपडे विहिरीपाशी काढायचा, आंघोळ करायचा आणि मगच त्याला घरात बोलायची परवानगी मिळायची. नवऱ्याच्या गाडीत ती एकदाच बसली होती, पिंगुळीला बहिणीकडे जायला. चौक्यापर्यंत अर्धी झाली, धामापूरपर्यंत पुरती झाली. त्यानंतर तिनं एसटीला लांबून हात जोडले. तेव्हापासून बहीण, जानकी, तीच इकडे येत असे. आता जानकीचे गुडघे गेले. दोन वर्षं झाली, बहिणी एकमेकींना दिसल्या नव्हत्या. फोनवर बोलायच्या, पण फोनवर दोघी फक्त रडायच्या आणि बिल हरिश्चंद्र भरायचा.

“माका पांढरी होई,” आनंदीनं पहिल्याच दिवशी सांगितलं. “तपकिरी घेतलास तर त्यात तुमी नि तुमचे नातू बसा. मी जानकीक वर गेल्यावरच भेटान.”

“पेट्रोल परवडूचा नाय गो.”

“मगे रोज खंय जावचा आसा आपणाक? पिंगुळीक तर जावचा!”

हरिश्चंद्रनं पायांत चपला सरकवल्या. यावर उत्तर होतं, पण ते त्याला कुणालाच सांगायचं नव्हतं.

त्यानं भाईला सांगून टाकलं, “तपकिरीच घेतंय.” भाईनं लगेच होकार भरला. मग आनंदीनं भाईला चहा नि दोन नारळाच्या वड्या दिल्या. भाई म्हणाला, “काकी म्हणता ताय बरोबर. पेट्रोल म्हणजे इंजिनाक आराम.” असा तो दिवसातून चार वेळा मत बदलायचा, कारण दलाली दोन्हीकडे सारखीच होती.

शेवटी विठोबा गावकरानं तोडगा काढला. विठोबा म्हणजे देवळातला मानकरी, गावाच्या वतीनं देवापुढं गाऱ्हाणं घालणारा. “कौल लावया,” तो म्हणाला. “रवळनाथाक इचारूया. तो सांगात ता खरां.”

आमच्याकडे लग्न, जमीन, विहीर, बोटीचं नाव, सगळं देवाला विचारून होतं. मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, आणि जी बाजू आधी पडेल तो कौल. देवाला आजवर मायलेजबद्दल कुणी विचारलं नव्हतं, एवढाच फरक.

सोमवारी सकाळी देवळात गर्दी झाली. मानकरी उघड्या अंगानं, सोवळं नेसून ओळीनं उभे. भाई तपकिरी गाडी घेऊन आला आणि देवळाच्या पायरीला लावून बसला, गाडी चालूच ठेवून. धडधडधड. देवळातली समई हलत होती.

विठोबानं डोळे मिटले. “बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुझो लेकरू हरिश्चंद्र तुझ्या पायाकडे इलो हा. त्येका सात शिटांची गाडी घेवची आसा.”

“व्हय म्हाराजा!” मानकरी गरजले.

“लिटराक धा किलोमीटर देणारा तेल बरां, की चवदा किलोमीटर देणारा तेल बरां, ह्या आमका गरिबांक कळना नाय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“उजवो म्हणजे डिझेल, डावो म्हणजे पेट्रोल. खंयच्या गाडयेचो गियरबॉक्स खराब आसात, टायर झिजले आसात, कोणी मीटर मागे फिरवलो आसात...”

बाहेरून भाई जोरात खोकला.

“...तर ता सगळा बरां करून, जो काय कौल आसात तो दी रे म्हाराजा!”

शेवटचं “व्हय म्हाराजा” पुरं व्हायच्या आतच उजवीकडची पाकळी टपकन पडली. डिझेल! एवढा चटकन कौल रवळनाथानं कुणाच्या लग्नालासुद्धा दिला नव्हता. हरिश्चंद्रनं हात जोडले. त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं तो आनंद नव्हता, सुटका होती.

बायकांच्या घोळक्यातून आनंदी पुढं आली. “ह्यो कौल देवान नाय दिल्यान. गाडयेन दिल्यान.”

“काय बोलतंस गो?” विठोबा दचकला.

“समई बघा. घंटा बघा. तुमचा धोतर बघा, विठोबानू. सगळा थरथरता. असो धरणीकंप झालो तर पाकळी पडात नाय तर काय? गाडी बंद करा नि परत इचारा.”

सगळ्यांनी विठोबाच्या धोतराकडे पाहिलं. थरथरत होतं. विठोबानं ते मुठीत धरलं, तर मूठ थरथरायला लागली.

“भाई, बंद कर रे गाडी,” कुणीतरी ओरडलं.

“असू दे की. देवाक काय आवाजाचो त्रास?”

“बंद कर म्हणतंय ना!”

भाई हलेना. आनंदी पायऱ्या उतरली, खिडकीतून हात घातला आणि कपाटाची चावी काढावी तशी गाडीची चावी फिरवून काढली. धडधड थांबली. भाईनं कपाळाला हात लावला.

“काकीनू, काय केलास ह्या? सकाळी पाच जणांनी ढकलली तेव्हा चालू झाली ती! आता परत चालू जावची नाय!”

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते भाईला कळलं. तोपर्यंत ते सगळ्या वाडीला कळलं होतं.

दुसऱ्यांदा कौल लावला. उजवी पडेना, डावी पडेना. उन्हं वर आली, मानकऱ्यांच्या पोटात कावळे ओरडायला लागले, एका पाकळीवर मुंगी चढली आणि उतरून गेली. विठोबानं अखेर डोळे उघडले.

“देव म्हणता, तेलाचा तुमचा तुमी बघा. माका त्यातला कळना नाय.”

मग देवळासमोर उभी राहिलेली गाडी हलवायला हवी होती, कारण पालखीचा रस्ता तोच. सोवळ्यातले मानकरी तपकिरी गाडीला मागून भिडले. “व्हय म्हाराजा!” म्हणत त्यांनी जोर लावला. स्टिअरिंगला हरिश्चंद्र. उताराला गाडी लागली, त्यानं क्लच सोडला, गाडीनं एकदम काळा धूर सोडला आणि ती चालू झाली. मागं उरले मानकरी, सोवळ्यासकट कोळशाच्या वखारीतून आल्यासारखे. आंघोळीला त्यांना नदीवर जावं लागलं.

हरिश्चंद्र गाडी पिंपळाखाली लावून आत तसाच बसून राहिला. आनंदी नाकाला पदर लावून त्याच्या उजव्या खिडकीशी आली.

“ह्या खटाऱ्यापायी देवाक फसवल्यात. इतक्या काय आसा ह्या डिझेलात?”

त्यानं स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले.

“पेट्रोल माका ऐकाक येना गो,” तो म्हणाला.

जुन्या एसटीत इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या हाताला असे, पत्र्याच्या टोपणाखाली. उभं आयुष्य ते त्या एका कानात धडधडत राहिलं. आता हॉर्न ऐकू येई, माणसं ऐकू येत, पण पांढऱ्या गाडीचं ते मऊ कुजबुजणं त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं. गियर कधी बदलायचा हे तो आकड्यांवरून कधी शिकला नव्हता. तो ऐकून गाडी चालवत आला होता.

“तपकिरी ऐकाक येता. तिच्यात मी ड्रायव्हर आसंय. पांढऱ्येत मी कोण? सुंगटां चिरडणारो म्हातारो.”

“माका ठावक आसा.”

“काय ठावक आसा?”

“तुमका ऐकाक येना ता. धा वर्सां मी तुमका हरएक गजाल दोनदा सांगतंय.”

“मगे आधी बोललंस नाय कित्याक?”

“बोललंय. ऐकलास खंय?”

हरिश्चंद्रला हसू आलं आणि ते लपवायला त्यानं खाली बघितलं. आनंदीनं नाकावरचा पदर काढला, डिझेलच्या वासात, आणि खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला.

“पांढरी घेवया. इंजिन मी ऐकतंय. तुमी चलवा. खांद्यार एक थाप मारलंय तर गियर वाढवा, दोन मारलंय तर कमी करा. कंडक्टर नाय होतो तुमका?”

“कंडक्टर मागे बसता गो.”

“मी फुडे बसतलंय,” आनंदी म्हणाली.

अशा रीतीनं मालवण तालुक्यात एक पांढरी पेट्रोल गाडी आली. वाडीनं आठवडाभर हळहळ व्यक्त केली. भाईनं दलाली घेतली आणि काशीबाईच्या सुंगटांचे पैसे दिले, निम्मेच.

पिंगुळीला निघाले त्या दिवशी आनंदीनं लग्नातली नारायणपेठी नेसली होती. ती पुढं, डाव्या सीटवर बसली. इतकी वर्षं हरिश्चंद्रच्या ज्या बाजूला इंजिन होतं त्या बाजूला आता आनंदी आली होती, आणि आवाजात म्हणावा तसा फरक नव्हता.

“वाढवा! वाढवा म्हणतंय! आता कमी! म्हशी इल्या!” थापाही मोजून पडत होत्या, एक, दोन, आणि रागानं तिसरी, जिचा अर्थ ठरलेला नव्हता.

गाडी मात्र चालली. कर्रर्र न करता चालली. कुंभारमाठाच्या स्टॉपवर हरिश्चंद्रनं सवयीनं गाडी थांबवली. स्टॉपवरच्या दोन बायका सवयीनं चढल्या, मागं बसल्या आणि तिकिटाचे पैसे पुढं केले.

“ऱ्हवांदेत गो,” आनंदी मागं वळून ऐटीत म्हणाली, “आज पास चलता.”

चौके आलं. मागच्या दोघी उतरल्या. आनंदीनं पोटावर हात ठेवून पाहिला आणि परत एक थाप मारली. पुढं धामापूरची वळणं सुरू झाली. एक वळण झालं, दुसरं झालं. तिच्या थापा थांबल्या. हरिश्चंद्रनं वळून पाहिलं तर तिचा चेहरा केळीच्या गाभ्यासारखा पांढरा.

म्हणजे डिझेलच तेवढं नव्हतं. वळणंही होती.

एसटीत उलटीसाठी गाडी थांबवायची पद्धत नाही. खिडकी आहे, बाहेर जग आहे. हरिश्चंद्रनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, उभी केली, उतरला आणि मागून फिरून येऊन तिचं दार उघडलं. ती धामापूरच्या तलावाच्या बाजूला वाकली. तो तिची पाठ चोळत उभा राहिला. मग बाटलीतलं पाणी त्यानं तिच्या ओंजळीत घातलं, थोडं थोडं. दुसऱ्या हातात टॉवेल.

“परत जावया?” त्यानं विचारलं.

“परत कित्याक?” तिनं चूळ भरली. “डिझेल आसता तर चौक्यातच उलटी झाली आसती. आज धामापुरापर्यंत टिकलंय मी.”

वळणावरून कुडाळ-मालवण एसटी आली, लाल, धडधडत, मागं धूर सोडत. ड्रायव्हरनं हरिश्चंद्रला ओळखलं आणि त्या रस्त्यावर एक ड्रायव्हर दुसऱ्याला करतो तसा खिडकीतून हात वर केला. हरिश्चंद्रचे दोन्ही हात अडकले होते.

तेव्हा आनंदीनं आपला ओला हात वर केला. जास्त नाही, बोटं मोकळी ठेवून, ऐटीत.

“कोण होतो गो?” हरिश्चंद्रनं विचारलं.

“आपलोच कोणतरी,” ती म्हणाली, आणि साडीच्या निऱ्या सावरत पुढच्या सीटवर चढून बसली.