राखाडी पंच आणि धुकट रंगांचा हंगाम

खरं सांगू? हे मी लिहिणारच नव्हतो. कागदाला भोकं पाडणाऱ्यानं कागदावर लिहायचं म्हणजे जरा अतीच. पण पुदिन्यामुळे लिहितोय. तो कोण, ते येईलच पुढे.

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पंच आहे. रंग राखाडी. हिरव्यात नाही, निळ्यात नाही, नुसता ऑफिसातला राखाडी. भट्टीतून निघालो तेव्हा अंगावर हा एकच रंग चढवला, आणि मला वाटलं, रंग काय, एकदा दिला की झालं! जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गच्या ब्रामर स्टेशनरीत आलो आणि कळलं, तसं नसतं.

दुकान थोरल्या ब्रामरांचं होतं. ते मला गल्ल्याशेजारी ठेवायचे. गिऱ्हाईक कागद घेऊन आलं की खाड! दोन भोकं, फुकट. माझ्या पोटात साठलेल्या टिकल्या शेजारची पोरं न्यायची आणि एकतीस डिसेंबरला एकमेकांवर उधळायची. "पंच असावा तर असा," ब्रामर म्हणायचे आणि माझ्या सांध्यात तेलाचा थेंब सोडायचे. ते दिवस चांगले होते. उगाच कशाला नाही म्हणू?

मग दुकान त्यांच्या मुलीकडे, गेसीनेबाईंकडे आलं. बाई मनानं चांगल्या. पण दर जानेवारीत स्टेशनरीच्या मोठ्या प्रदर्शनाला जायच्या आणि तिथून रंग घेऊन यायच्या. वसंतात लिंबाच्या पालवीचा, शरदात गंजाचा आणि अळंब्यांचा, नाताळात सोनेरी. रंग बदलला की वह्या, पेनं, टाचण्यांच्या डब्या, सगळं बदलायचं. आणि काच! दुकानाची दर्शनी काच तर त्या स्वतः सजवायच्या, दाराला कुलूप लावून.

त्या वर्षी प्रदर्शनात धुकट रंग होते. धुकट गुलाबी, धुकट हिरवा, वाळूचा. बाई मला हातात घेऊन म्हणाल्या, "हा कशातच बसत नाही हो, हेनिंग."

हेनिंग म्हणजे दुकानातले सगळ्यात जुने नोकर. बाईंना त्यांनी फ्रॉकमध्ये पाहिलेलं. ते म्हणाले, "मीही कशात बसत नाही. मलाही ठेव बाहेर."

"तुम्ही निदान स्वेटर तरी बदलता."

आणि मी बाहेर. फुटपाथवर एक खोकं होतं, 'घेऊन जा' असं लिहिलेलं. आमच्याकडे अशी खोकी दारोदार असतात. हाताळलेली पुस्तकं, कान तुटलेला कप, आणि मी. वाईट वाटलं. पण दात आवळून बसलो. माझे दात शाबूत होते, मित्रांनो!

माझ्या जागी पुदिना आला. धुकट हिरवा, हलका, प्लॅस्टिकचा पंच. त्याला सकाळी काचेत मांडलं की आम्ही काचेआडून बोलायचो. मला वाटलं होतं त्याचा राग येईल. नाही आला. तो म्हणाला, "काका, तुमची जागा मी मागितली नव्हती हो." बिचारा.

ऑगस्ट लागला. शाळा सोमवारी सुरू होणार. आणि नुराय आली. कोपऱ्यावरच्या घरातली, तिसरीतल्या मुलाची आई.

"ब्रामरबाई, एक लाल फाईल द्या, एक निळी, एक हिरवी."

आता हे सांगायला हवं. इथल्या शाळांत विषयाला रंग असतो. भाषेला लाल, गणिताला निळा, निसर्गाला हिरवा. शिक्षिका लांबून रंग बघून म्हणते, काढा लाल. बाईंना हे पाठ होतं, लहानपणापासून. पण प्रदर्शनात कुणीतरी ठासून सांगितलं की लालची चलती संपली, आणि बाईंनी सगळ्याच्या सगळ्या फायली धुकट मागवल्या.

"ही बघा ना, मावळती वीट," बाई म्हणाल्या.

"वीट नको. लाल."

"लाललाच जवळची आहे..."

"गेल्या वर्षी पोरगं नारिंगी घेऊन गेलं, तर शिक्षिकेनं चिठ्ठी पाठवली. वीट बघून तर ती मलाच बोलावेल!"

नुराय रिकाम्या हातानं निघाली. दारात मला बघून थांबली. "निदान हा तरी," म्हणाली आणि मला सायकलच्या टोपलीत टाकलं.

तिच्या घरी मी सुखात होतो. खिडकीत जागा, आणि तिचे विम्याचे कागद. पण तिथून दुकान दिसायचं, आणि एकेक आई रिकाम्या हातानं परत जाताना दिसत होती. हा हंगाम गेला तर हिवाळाभर दुकान कशावर चालणार? थोरल्या ब्रामरांचं दुकान. आणि मी इथे विम्याला भोकं पाडतोय!

शनिवारी हेनिंगचा निरोप आला, तो पंच घेऊन ये, आणि नुरायनं मला पिशवीत घातलं. मधल्या वेळात तिला सुपरमार्केटातही लाल फाईल मिळाली नव्हती. ती म्हणाली, "बघू, म्हातारा काय म्हणतो."

दुकानात नुसता पसारा. घाऊक व्यापाऱ्यांकडचा लाल माल संपला होता, म्हणून हेनिंगनी तळघरातून थोरल्या ब्रामरांच्या काळातला पुठ्ठा वर आणला होता. लाल, निळा, हिरवा. कापायचा, दुमडायचा, भोकं पाडायची, कागद अडकवायला आत पत्र्याची पट्टी. झाली फाईल! फक्त भोकं पडत नव्हती. पुदिन्यानं जीव खाऊन दाबलं होतं, आणि त्याचा दांडा चिरला होता. हेनिंग स्क्रूड्रायव्हरनं पुठ्ठा टोचत होते.

"हे काय, उंदरानं कुरतडलंय का?" नुरायनं विचारलं आणि मला टेबलावर ठेवलं.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "हा... परत देता?"

"परत नाही. फुकट दिलंत ते माझं झालं. उसना देते."

"बरोबर आहे," हेनिंग म्हणाले. "मीही उसनाच आहे इथे." आणि त्यांनी माझ्या सांध्यात तेल सोडलं.

खाड! पुठ्ठा जाड होता, मित्रांनो. पहिल्या दाबाला माझ्या सगळ्या अंगातून कळ गेली. पण मी ठरवलं होतं, आज थांबायचं नाही. खाड, खाड, खाड. बाई कापत होत्या, नुराय दुमडत होती, हेनिंग दाबत होते. दुपारपर्यंत दारात रांग लागली. फायली ओबडधोबड होत्या, पण लाल हा लालच होता. फरशीवर लाल-निळ्या टिकल्यांचा सडा पडला आणि पोरांनी तो मुठींनी नेला.

संध्याकाळी नुरायनं आपल्या तीन फायली घेतल्या. मला उचललं, मग पुन्हा गल्ल्याशेजारी ठेवलं. "राहू दे इथेच. पण परत त्या खोक्यात दिसला, ब्रामरबाई, तर कायमचा नेईन."

"नाही दिसणार," बाई म्हणाल्या. मान खाली घालून.

मित्रांनो, वस्तू जुनी झाली म्हणून टाकू नका, आणि तिचा हंगाम गेला म्हणून तर नकोच. एक थेंब तेल पुरतं हो.

आता काच पुन्हा बदलतेय. गंज आणि अळंबी. हेनिंगनी पुदिन्याचा दांडा तारेनं बांधलाय, पातळ कागदाला तो छान भोकं पाडतो. पण काल बाईंनी त्याला हातात घेतलं आणि म्हणाल्या, "हा आता कशात बसणार?"

मी त्याला म्हटलं, "ऐक. पातळ कागद तुझा, जाड पुठ्ठा माझा. आणि तुला त्या खोक्यात ठेवलंच, तर मी दात आवळून बसेन. हेनिंग येऊ दे, नुराय येऊ दे, सगळी शाळा येऊ दे. तू या टेबलावर परत येईपर्यंत मी एकही भोक पाडणार नाही. शब्द देतो."